बिनचाकी गाडी

आमच्या हॉलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, एक मोटार सहा आठवडे उभी होती. तिला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, छप्पर नव्हतं आणि दार म्हणाल तर एकच होतं, तेही आमच्या जुन्या कपाटाचं. तरीही तिला इमारतीच्या समितीची नोटीस आली, तिच्यात बसायला सगळ्या मजल्यांवरची माणसं येऊन गेली, आणि जे मला स्वतःच्या तोंडाने आठ महिन्यांत बोलता आलं नव्हतं ते मी एका संध्याकाळी तिच्या तोंडून बोलून बसलो. पण हे नमनालाच घडाभर तेल झालं.

मी मोटारींच्या कारखान्यात बैठका करतो. बैठका म्हणजे मीटिंगा नव्हेत, मीटिंगा सगळेच करतात. बैठका म्हणजे सीटा. सत्तावीस वर्षं हेच केल्यामुळे माणसाचा चेहरा मी विसरतो, पण पाठ विसरत नाही. रस्त्यात पुढे चालणाऱ्या गृहस्थाला कमरेपाशी किती आधार लागेल ते मी मागूनच सांगू शकतो. घरात या विद्येला कोणी विचारत नाही.

आमचे साहेब माझ्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान आहेत. म्हणून मनातल्या मनात मी त्यांना छोटे साहेब म्हणतो. ते मला काका म्हणतात. हुद्द्याने वरचा माणूस खालच्याला काका म्हणायला लागला, की खुशाल समजावं, काहीतरी गळ्यात पडणार आहे.

"काका, पंचविशीच्या आतल्या पोरांसाठी गाडी करतोय," ते म्हणाले. "आतलं सगळं तुमच्याकडे. सीट, डॅशबोर्ड, स्क्रीन. आणि गाडी बोलणार. मराठीत! तुमच्या घरी तरुण ड्रायव्हर आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो.

हे अर्धंच खरं होतं. लेक तेवीस वर्षांची आहे, आणि तिच्या पर्समध्ये लायसन्सही आहे. पण त्याआधी आठ महिन्यांत तिने स्टिअरिंगला हात लावला नव्हता, आणि त्याला कारण मी होतो.

झालं असं, की एका रविवारी सकाळी ती आमची जुनी गाडी आवारात मागे घेत होती आणि मी शेजारी बसलो होतो. मागे फाटकाचा खांब. मी ओरडलो. साधासुधा नाही, असा ओरडलो की दुसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ उठलं. लेकीचा पाय उडाला, नको तिथे पडला आणि गाडी खांबावर जाऊन आपटली. खांबाचा रंग गेला, गाडीचा मागचा दिवा गेला. तेवढ्यावर थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण गॅलऱ्यांमधून माणसं वाकून बघायला लागली आणि चारचौघांत आपली अब्रू जातेय असं मला वाटलं. मी म्हणालो, "तुझ्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!"

तिने इंजिन बंद केलं. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि जिन्याने वर गेली, लिफ्ट चालू असताना. तेव्हापासून आमचा दोघांचा संवाद म्हणजे "चहा ठेवलाय", "हो", "उशीर होईल का?", "बहुतेक" एवढाच. ती जनावरांची डॉक्टर आहे. पुढे तिला दवाखान्यात नोकरी लागली, ती बसने जायला लागली आणि मी खिडकीतून बसचा थांबा बघत उभा राहायला लागलो. आपलं चुकलं हे मला त्याच दुपारी कळलं होतं. पण "चुकलं माझं" हे दोन शब्द उच्चारायचे म्हणजे माझ्या जिभेला जणू कुलूप लागतं. परक्याला मी दिवसातून दहादा सॉरी म्हणतो.

असो. गाडीचा आतला भाग ठरवायचा म्हणजे आधी लाकडी नमुना करावा लागतो, त्यात माणसं बसवून बघावी लागतात. कारखान्यात त्यासाठी खोली आहे. खोलीसाठी अर्ज आहे आणि अर्जावर तीन सह्या आहेत. त्यातली तिसरी सही करणारे गृहस्थ पाठदुखीने लांब रजेवर होते. त्यांची खुर्ची आमच्याच विभागाने केलेली असल्यामुळे मी फार खोलात गेलो नाही.

"घरीच करा ना काका," छोटे साहेब म्हणाले. "प्लायवूड, थर्माकोल, काहीही चालेल."

घरी सुतार आला. हा माणूस आयुष्यभर कपाटं करत आलेला. डॅशबोर्डचं चित्र त्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, आत एवढी जागा पोकळ राहते. खण काढू?" मी नको म्हणायच्या आत त्याने चार खण काढलेसुद्धा, मुठींसकट. बायकोने त्याच संध्याकाळी त्यात रुमाल, औषधं, सुईदोरा आणि विजेची बिलं लावून टाकली. पुढे हे खण छोट्या साहेबांना इतके आवडले की "सामान ठेवण्याची ताजी कल्पना" म्हणून अहवालात गेले. सुताराचं नाव गेलं नाही, माझंही गेलं नाही.

सीट मात्र खरी होती, पट्टा, स्टिअरिंग, पेडल सगळ्यासकट कारखान्यातून आणलेली. ती लिफ्टमध्ये ठेवली आणि दार लागणार तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या हेडबाई आत आल्या. या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्या सीटवर बसल्या, तिसरा मजला आला तरी उठल्या नाहीत आणि म्हणाल्या, "गुडघ्यांना बरं वाटतंय. मला आधी वर सोडा, मग खाली या."

सोफा गॅलरीत गेला. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"अहो, पाहुणे आले तर बसवायचं कुठे?"

"गाडीत."

"पाहुण्यांना परत नेऊन सोडणारी गाडी आणली असतीत, तर मी एक शब्द बोलले नसते."

आता गाडीचं बोलणं. बोलणारी यंत्रणा तयार व्हायला चार महिने होते. तोवर काय करायचं, ते छोट्या साहेबांनी समजावलं. पडद्यामागे एक माणूस बसवायचा. गाडीतला माणूस स्क्रीनवर बोट लावील, काही विचारील, की पडद्यामागच्याने यंत्र असल्यासारखं उत्तर द्यायचं. गाडीतल्याला वाटतं, यंत्रच बोलतंय.

"म्हणजे फसवायचं?"

"त्याला टेस्टिंग म्हणतात, काका."

मग लेकीचा जुना टॅब डॅशबोर्डवर चिकटवला आणि स्वयंपाकघराच्या पडद्यामागे माझी खुर्ची मांडली. माझ्या फोनमध्ये आवाज बदलायची सोय बसवली. त्यातून माझा आवाज सर्दी झालेल्या बाईसारखा यायचा. बाईसारखाच हवा होता, कारण गाडी ही बाई. "मी थांबते" म्हणाली तर ती गाडी, "मी थांबतो" म्हणाला तर तो ट्रक. मी न्हाणीघरात सराव सुरू केला. "मी वळते. मी थांबते. मला पेट्रोल हवंय." चौथ्या दिवशी ऑफिसात छोट्या साहेबांनी हाक मारली आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आलेच हं!" त्या दिवशी मी जेवायला कॅन्टीनमध्ये गेलो नाही.

पुढचा प्रश्न, गाडीने तरुण माणसाला तू म्हणायचं की तुम्ही? इथे घोडं पेंड खायला लागलं. यावर ऑफिसात दोन मीटिंगा झाल्या. कायदा विभागाचं म्हणणं, 'आपण' म्हणा. मी विचारलं, "आपण पट्टा लावलेला नाही, असं गाडी म्हणाली तर गाडीनेही लावलेला नाही असा अर्थ निघत नाही का?" त्यावर कायदा विभागाने आठवडाभराची मुदत मागून घेतली. हेडबाई म्हणाल्या, तूच म्हणा, पण पूर्ण नावाने हाक मारा, त्याशिवाय मुलं ऐकत नाहीत. आमच्या इमारतीचे सचिव म्हणाले, काहीही म्हणा, आधी 'कृपया' लावा. कृपया नसेल तर सूचना लागूच होत नाही. शेवटी कंटाळून मी तू ठरवलं. घरातलं माणूस घरातल्याला म्हणतं तसं.

सचिवांचा विषय निघालाच आहे तर नोटिशीचं सांगतो. "सदनिका क्रमांक अकरामध्ये चारचाकी वाहन उभे केल्याबाबत खुलासा करावा." मी खुलासा केला, की वाहनास चाके नाहीत. उलट टपाली उत्तर आलं, म्हणजे जिन्यावरून आलं, की वाहन चारचाकी की बिनचाकी हे समिती पाहणी करून ठरवील. समितीत सचिव एकटेच हजर राहतात. ते वही घेऊन आले, गाडीभोवती फिरले, सीटवर बसले आणि म्हणाले, "मला जरा एकट्याला पाहणी करू द्या."

मी पडद्यामागे गेलो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, स्क्रीनवर बोट लावलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ऐक. मला गाडी येत नाही. चाळीस गाड्यांच्या जागा मी आखून दिल्या, पण मला येत नाही. कोणाला सांगू नकोस."

"नाही सांगणार," गाडी म्हणाली. "पट्टा लावा." त्यांना तू म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

त्यानंतर समितीची पाहणी रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा चालायची. नोटिशीचं पुढे काही झालं नाही. आता मी हे इथे सांगतोय, पण त्यांनी ते गाडीला सांगितलं होतं, मला नाही.

लेक मात्र आठवडाभर गाडीला वळसा घालून जात होती, उघड्या विहिरीला घालावा तसा. मग एके दिवशी ती दवाखान्यातून दमून आली. गॅलरीतल्या सोफ्यावर चादरी वाळत होत्या आणि जेवणाच्या खुर्च्या सुताराने मापासाठी नेल्या होत्या, त्या परत आल्या नव्हत्या. घरात टेकायला दुसरी जागाच नव्हती. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि डोळे मिटले. मी हातातला कप तसाच ठेवून पडद्यामागे धावलो.

"नमस्कार," गाडी म्हणाली. "पट्टा लाव."

"गाडी उभी आहे," लेक डोळे न उघडता म्हणाली.

"तरी लाव," गाडी म्हणाली.

थोड्या वेळाने पट्ट्याचा खट्ट आवाज आला. मी प्रश्नांचा कागद काढला.

"माझा आवाज तुला कसा वाटतो?"

"सर्दी झाल्यासारखा."

"माझ्याकडून तुझी काय अपेक्षा आहे?"

सीटची पाठ मागे गेल्याचा आवाज आला. मला वाटलं, झोप लागली.

"ओरडू नकोस," ती म्हणाली.

मी कागदावर लिहिलं. 'अपेक्षा: ओरडू नये.' माझं अक्षर चांगलं आहे, ऑफिसात त्याचं कौतुक होतं. पण ती ओळ वाकडी गेली.

ती रोज बसायला लागली. मला ती तुम्ही म्हणते, गाडीला तू म्हणायची. मला ती काही सांगत नसे, गाडीला सांगायची. तिसऱ्या दिवशी तिने गाडीला सांगितलं, की एकवीस दिवस उरलेत. त्यानंतर तिला दवाखान्याची गाडी घेऊन एकटीने गोठ्यागोठ्यांवर जावं लागणार, नाहीतर ते दुसरा डॉक्टर बघणार. दवाखान्यात तिने थाप मारली होती, की लायसन्सचं नूतनीकरण चालू आहे. "घरी नाही बोलले," ती म्हणाली. "बाबा म्हणतील, मी सोडतो रोज."

अगदी हेच म्हणालो असतो. मी पडद्यामागून बाहेर आलो तर माझी पंचाईत. तिला काही विचारावं तर गाडीने चुगली केली असं होणार. म्हणून बायकोला विचारलं. तिला ते महिन्याभरापासून माहीत होतं.

त्या दिवसापासून छोट्या साहेबांचं काम राहिलं बाजूला. म्हणजे करत होतो तेच, पण कोणासाठी करतोय ते बदललं. गाडीच्या समोर टीव्ही ठेवला आणि त्यावर रस्त्यांचं चित्रण लावलं. त्या टीव्हीतल्या रस्त्यावर ती भराभर तयार झाली. अडायचं ते मागे घेताना. आमची गाडी काही खांबाकडे जाऊ शकत नव्हती, म्हणून खांब गाडीकडे आणला. आमचा उभा पंखा हा खांब, आणि बायको तो मागून हळूहळू ढकलत आणायची. "माझी मालिका बुडतेय," असं दर दोन फुटांवर म्हणायची, पण ढकलायची.

खांब जवळ आला हे गाडीने कसं सांगावं, यात आठ दिवस गेले. आधी पीं पीं केलं. लेक दचकून हात सोडून द्यायची. मग घंटा वाजवली, तर बायको दार उघडायला गेली आणि खांब वाटेत राहिला. मग गाडी म्हणाली, "सावधान!" तेव्हा भेटायला आलेल्या हेडबाई ताठ उभ्या राहिल्या आणि लेकीचा पाय पुन्हा ब्रेकवरून सुटला. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

"गाडी, तू मला घाबरवू नकोस," ती तशीच म्हणाली. "नुसतं किती राहिलंय ते सांग. आणि माणसासारखं सांग. मीटरमध्ये नको. गायीच्या पोटात हात घालते तेव्हा मी काय मीटरमध्ये मोजते?"

मी पडद्यामागे आपल्या हाताकडे बघितलं. सीटचं कापड मीही आधी हातानेच मोजतो, पट्टी नंतर येते.

"परत घे," गाडी म्हणाली. पंखा निघाला. "दोन हात आहेत... एक हात... आता वीत... चार बोटं... बस."

लेकीने ब्रेक दाबला. पंखा चार बोटांवर उभा होता. आणखी एक गोष्ट माझ्या आपोआप लक्षात आली होती. खांब जसजसा जवळ येत होता, तसतसा मी आवाज खाली आणत होतो. 'चार बोटं' तर मी जवळजवळ कुजबुजलो. जगातल्या सगळ्या गाड्या उलटं करतात, खांब जवळ आला की किंचाळतात. बापही तेच करतात.

छोटे साहेब हे ऐकून टेबलावर चढायचेच बाकी राहिले. म्हणाले, "काका, हे कुठल्याच गाडीत नाही!" मग फाईल प्रमाणीकरण विभागाकडे गेली. तिथून लेखी विचारणा आली, की वीत कोणाची धरावी, पुरुषाची की स्त्रीची, आणि अंगठा कुठवर ताणावा. मी लेकीचा पंजा कागदावर आखून पाठवला. त्यावर त्यांनी पंज्याची साक्षांकित प्रत मागितली. फाईल अजून तिथेच आहे.

मुदतीला नऊ दिवस राहिले असतील. संध्याकाळची वेळ, सचिव पाहणी करून गेलेले. लेकीने ओळीने सहा वेळा गाडी मागे घेतली, सहाही वेळा बरोबर. बायको पंखा जागेवर ठेवून भाजी परतायला माझ्या बाजूला आली होती. लेक सीटवर तशीच बसून राहिली.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "त्या दिवशी खांब मला दिसला होता. माझा पाय ब्रेकवरच जात होता. मी थांबवत होते गाडी. बाबा ओरडले आणि पाय उडाला." मग म्हणाली, "त्यांना वाटतं, मला दिसलाच नाही."

हे मला माहीत नव्हतं. आठ महिने मी धरून चाललो होतो की तिला खांब दिसला नाही आणि मी जास्त बोललो. तिला दिसला होता. मी नसतो, तर त्या दिवशी काही झालंच नसतं. माझ्या हातात गाडीच्या उत्तरांचा कागद होता, एक्केचाळीस उत्तरं, क्रमांक घातलेली. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"चुकलं माझं," गाडी म्हणाली. "मी तसं बोलायला नको होतं. तू चुकली नव्हतीस. मी घाबरलो होतो गं."

बायकोचा झारा कढईत थांबला. घाबरलो! मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण शब्द फोनमधून, टॅबमधून, सर्दी झालेल्या आवाजात केव्हाच बाहेर पडला होता.

"घाबरले होते, म्हण," पलीकडून लेकीचा आवाज आला. तोही जरा सर्दी झाल्यासारखाच होता. "गाडी आहेस ना तू?"

"घाबरले होते," मी म्हणालो.

"पहिल्याच दिवशी कळलं मला," ती म्हणाली. "कुठली गाडी नमस्कार म्हणायच्या आधी घसा खाकरते?"

तेवीस वर्षांत माझ्या मुलीने मला पहिल्यांदा तू म्हटलं, ते मी प्लायवूडची गाडी असताना. पडद्यातून बाहेर यायचा मला धीर झाला नाही. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भाजी लागेल म्हणून लगेच उचललाही. मग आम्ही तिघं जेवलो. बोलणं झालं ते भाजीच्या मिठावर. आमच्याकडे असंच असतं.

आणि मग तो शनिवार. सकाळी आठला लेकीचा फोन वाजला. वीस किलोमीटरवर एक गाय विताना अडली होती, पहिलारू. दवाखान्याची गाडी घेऊन मोठे डॉक्टर दुसऱ्या टोकाला गेलेले, बसला तास होता. लेकीने दोन मिनिटांत बॅग भरली.

मी खुंटीवरची आपल्या गाडीची किल्ली घेतली आणि म्हणालो, "चल, मी सोडतो."

तोंडातून गेलं ते गेलंच. लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी किल्ली लेकीच्या हातावर ठेवली.

"शेजारी बसू?" मी विचारलं.

"नको, बाबा."

"बरं."

खाली जाऊन मी खांबाजवळ उभा राहिलो. कशासाठी, ते विचारू नका. गाडी सुरू झाली, मागचे दिवे लागले आणि ती मागे यायला लागली. वरच्या गॅलरीत हेडबाई. फाटकापाशी सचिव, हातात वही. गाडी येतेय, खांब तिथेच आहे. दोन हात. एक हात. माझ्या घशाशी ओरडा आला होता. तो मी कसा गिळला ते मलाच ठाऊक. तेवढ्यात शेजारी सचिवांनी छाती भरून श्वास घेतला, "अहो, खां..." आणि मी त्यांचं तोंड दाबलं. चांगलं घट्ट दाबलं. समितीच्या सचिवाचं तोंड दाबणं हा नियमांनुसार गुन्हा असणार, पण त्यांनी नंतर त्याची कुठे नोंद केली नाही. गाडी थांबली, वळली, फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे गेली. मी हात काढला तेव्हा सचिव म्हणाले, "मी 'खांब सोडून छान घेतली' असं म्हणणार होतो." मी ते मान्य केलं.

पुढचे चार तास कसे गेले ते लिहीत नाही. मी तीनदा गच्चीवर गेलो. बायको म्हणाली, फोन करू नका, तिचे हात अडकलेले असतील. मग हॉलमधल्या गाडीत जाऊन बसलो, दुसरं काय करणार? पडद्यामागून बायकोचा आवाज आला, "पट्टा लावा." मी लावला.

साडेबाराला खाली गाडीचा आवाज आला. सत्तावीस वर्षं गाड्यांत काढलेला माणूस आपल्या गाडीचा आवाज ओळखतो. मला धावत जावंसं वाटत होतं, म्हणून मुद्दाम सावकाश गेलो, म्हणजे लिफ्ट न घेता दोन-दोन पायऱ्या उतरत गेलो.

गाडी आपल्या जागेवर नीट उभी होती. इंजिन बंद होतं आणि लेक अजून आत बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर. कोपरापर्यंत, गुडघ्यापर्यंत, केसांतसुद्धा चिखल आणि शेण. आणि सीट! ती सीट मी स्वतः करून घेतली होती, फिकट कापडाची. तिच्यावर आता काय काय होतं ते सांगता येणार नाही. आजवर मी कोणाला आमच्या गाडीत ओली छत्री ठेवू दिलेली नाही.

"सीट खराब झाली, बाबा," ती म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणालो.

मी दुसऱ्या बाजूने गेलो, दार उघडलं आणि तिच्या शेजारी बसलो. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. आणि हसत होती.

"आधी हाताला वासराचा एकच पाय लागला," ती म्हणाली. "दुसरा मागे दुमडलेला. मला वाटलं, आता काही खरं नाही. तो म्हातारा मालक माझ्याकडे असा बघतोय, आणि मी एकटी. मग काय झालं, माहितीये?"

मला माहीत नव्हतं. वरून बायको जेवायला हाक मारत होती, ती आम्हाला दोघांनाही ऐकू येत होती.

"सांग," मी म्हणालो.